गार्सिया द ओर्ता

आमच्या यवतमाळ जिल्ह्याच्या सागवानी रानांत बिब्बा, बेहडा, आंवळा हीं झाडें ठिकठिकाणीं आढळतात, आणि गांवकुसाबाहेरचा धोत्रा तर कोणी मुद्दाम लावीत नाहीं. यांचे गुण आपल्या आजीबाईंना ठाऊक असतात. परंतु अशा वनस्पतींची माहिती स्वतः पाहून व विचारून छापील ग्रंथाच्या द्वारें युरोपखंडास देणारा पहिला वैद्य गोव्यांत राहत होता, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच माहीत असेल.

गार्सिया द ओर्ता याचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहूदी. इ. स. १४९२ मध्यें स्पेनच्या राजसत्तेनें यहूद्यांस देशाबाहेर घालविलें, तेव्हां हें कुटुंब सरहद्द ओलांडून पोर्तुगालांत कास्तेलो द व्हिदे या गांवीं आलें. पांच वर्षांनीं तेथेंही बाप्तिस्मा सक्तीचा झाला. अशा घरीं १५०० च्या सुमारास गार्सिया जन्मला. सालामांका व अल्काला येथें तो वैद्यक शिकला व लिस्बनच्या विद्यापीठांत त्यानें कांहीं काळ अध्यापनही केलें. पुढें १५३४ च्या मार्च महिन्यांत, मार्तिं अफोंसो द सोझा या दर्यासारंगाचा वैद्य म्हणून तो जहाजावर चढला आणि त्याच वर्षीं गोव्यास उतरला. स्वदेशीं तो पुन्हां गेला नाहीं.

गोव्यांत त्याचा जम चांगला बसला. राज्याधिकारी त्याजकडून औषध घेत. अहमदनगरचा, म्हणजे आजच्या अहिल्यानगरचा, बुऱ्हाण निजामशहा त्यास मित्राप्रमाणें वागवी, आणि त्या दरबारांतील हकिमांशीं त्याचा वाद व विचारविनिमय चाले. मुंबईचें बेट पोर्तुगीज सरकारानें त्यास खंडानें दिलें होतें. तेथील आंबे गलबतानें गोव्यास येत. आज ज्या भूमीच्या हातभर तुकड्यासाठीं लोक जन्म वेंचतात, तेथें या वैद्याची आमराई होती, हें वाचून मौज वाटते!

त्याचा ग्रंथ १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत छापून निघाला. छपाई अत्यंत अशुद्ध. शेवटीं चुकांची लांबलचक यादी जोडावी लागली. लुईस द कामोंइश या पोर्तुगीज महाकवीची छापील स्वरूपांतील पहिली कविता याच ग्रंथांत आहे. ग्रंथाची रचना संवादरूप आहे. रुआनो नांवाचा एक कल्पित विद्वान् स्पेनहून येतो आणि पावलोपावलीं जुन्या ग्रंथकारांचे आधार काढतो. ओर्ता त्यास उत्तर देतो तें आपण डोळ्यांनीं काय पाहिलें याचें. गॅलेन व प्लिनी यांचें म्हणणें चुकीचें दिसल्यास तसें सांगण्यास तो कचरत नाहीं. येथील हिंदु वैद्यांचे उपचारही तो आस्थेनें नमूद करतो. अंतोनिया नांवाची दासी त्याच्या हांकेसरशीं हवी ती वनस्पति आणून हजर करते. त्या काळच्या गुलामगिरीचें हें चित्र आहे. पण ओर्ताच्या विद्येंत अशा अनाम हातांचा वांटा किती असेल, हा विचार आमच्या मनांतून जात नाहीं.

बिब्ब्यापासून कडुनिंबापर्यंत आपल्या ओळखीचीं अनेक नांवें त्यांत भेटतात. चोर लोक अन्नांत धोत्रा मिसळून माणसास दिवसभर भ्रमिष्ट करतात व लुबाडतात, असें तो लिहितो. हा परिणाम धोत्र्यांतील हायोसीन व ॲट्रोपीन या द्रव्यांचा, हें रसायनशास्त्रास कळण्यास पुढें जवळजवळ तीनशें वर्षें लागलीं. आणि तींच द्रव्यें माफक मात्रेंत आज रुग्णालयांत औषध म्हणून वापरतात. पटकीचें वर्णन करतांना त्यानें तिचें येथील नांवही दिलें आहे, तें आपला मोडशी हाच शब्द होय.

आतां जें लिहावयाचें तें आम्हां ख्रिस्ती लोकांस लाजेनें लिहावें लागतें. १५६० मध्यें गोव्यांत इन्क्विझिशनचें धर्मन्यायालय बसलें. ओर्ताच्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावर त्या न्यायालयाचा न्यायाधीश आलेशु दियश फाल्कां याच्या तपासणीचा निर्वाळा छापलेला आहे. झाडपाल्याविषयीं डोळ्यांनीं पाहिलेलेंच सांगेन असा बाणा बाळगणारा हा मनुष्य आपल्या अंतःकरणांतील श्रद्धेविषयीं मात्र जन्मभर मुका राहिला. त्यास दुसरा मार्ग होता असें आम्हांस वाटत नाहीं.

१५६८ मध्यें तो वारला. पुढल्याच वर्षीं त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणें यहूदी धर्म पाळल्याबद्दल गोव्यांत जिवंत जाळण्यांत आलें. कुटुंबियांच्या जबान्यांतून ओर्ताचेंही नांव निघालें. मेलेल्या माणसावर खटला चालला, आणि १५८० मध्यें त्याच्या अस्थि थडग्यांतून उकरून काढून जाळल्या गेल्या.

तोंवर ग्रंथ हातचा निसटला होता. क्लुसियस नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञास त्याची एक प्रत मिळाली, व त्यानें केलेला लॅटिन सारांश १५६७ मध्येंच अँटवर्प येथें प्रसिद्ध झाला. युरोपांतील वैद्य पुढें कित्येक पिढ्या हिंदुस्थानच्या औषधींविषयीं त्यांतूनच शिकले. पणजी शहरांत ओर्ताच्या नांवाचें एक सार्वजनिक उद्यान आहे. थडगें मात्र कोठेंही नाहीं.