झेब्राफिशवाला जॉर्ज

आपल्याकडे बाळ दुभंगलेली टाळू घेऊन जन्मलं, की आईनं ग्रहणात भाजी चिरली असेल म्हणतात. मित्रहो, टाळू खरी कशी घडते हे बघायची वाट एका माणसानं आणि एका इवल्याशा माशानं दाखवली.

जॉर्ज स्ट्रायसिंगर १९२७ साली बुडापेस्टला जन्मले. ज्यू कुटुंब, नाझींच्या भीतीनं लहानपणीच अमेरिका गाठावी लागली. पुढे विषाणूंवरच्या कामानं त्यांचं नाव झालं. ऑरेगॉन विद्यापीठात मात्र त्यांनी झेब्राफिश धरला. पट्ट्यापट्ट्यांचा हा मासा मूळचा आपल्याच भारतीय उपखंडातल्या ओढ्यांतला! त्याचं भ्रूण पारदर्शक, त्यामुळे आत जीव घडताना थेट दिसतो. सुमारे दहा वर्षं खपून १९८१ मध्ये त्यांनी एकाच मादीपासून हुबेहूब सारखे मासे वाढवून दाखवले. १९८४ मध्ये ते अचानक गेले.

काम थांबलं नाही. २००६ मध्ये त्याच विद्यापीठात दिसलं, की मेंदूकडच्या पेशींचा हेजहॉग नावाचा रासायनिक निरोप वेळेवर पोचला नाही, तर माशाच्या टाळूचा सांगाडा धड बनत नाही. माणसाच्या गर्भातही हाच निरोप चालतो.

सुट्टीत चंद्रपूर-गडचिरोलीतल्या आपापल्या गावी जाल, तेव्हा एवढं सांगा: ग्रहणाचा यात काही संबंध नाही, आणि दुभंगलेली टाळू ऑपरेशननं जुळवता येते.