थोरांची ओळख : पं. कुमार गंधर्व आणि त्यांची निर्गुणी भजने



आपल्या मुदखेड भागात भजन कुणाला नवीन नाही. एकादशी असो की सप्ताह, टाळ-मृदंग असतोच. पण शास्त्रीय गाणं म्हणजे मोठी विद्या आणि भजन म्हणजे साधी गोष्ट, अशी वाटणी आपण मनात करून ठेवलेली असते. ही वाटणी ज्यांनी मोडली, त्या पं. कुमार गंधर्व यांचं जीवन आज पाहूया.

जन्म व बालपण

कुमारजींचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी येथे झाला. मूळ नाव शिवपुत्र. घरची भाषा कानडी. लहान असतानाच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून हा मुलगा ते गाणं जसंच्या तसं गाऊन दाखवायचा. लोक थक्क व्हायचे. एका मठाच्या स्वामींनी त्यांना 'कुमार गंधर्व' ही पदवी दिली, पुढे तेच नाव झालं.

शिक्षण

नंतर ते मुंबईला प्रा. बी. आर. देवधर यांच्याकडे शिकायला गेले. देवधर मास्तर एकाच घराण्याला धरून बसणारे नव्हते. नुसती हुबेहूब नक्कल पुरेशी नाही, गाण्याचा विचार करावा लागतो, हे कुमारजींना तिथे कळत गेलं. तिथेच शिकणाऱ्या भानुमतींशी १९४७ मध्ये त्यांचं लग्न झालं.

आजारपण

आणि त्याच सुमारास क्षयरोग झाला. कोरडी हवा मानवेल म्हणून जानेवारी १९४८ मध्ये ते मध्य प्रदेशातल्या देवासला राहायला गेले. डॉक्टरांनी गाणं बंद करायला सांगितलं. विचार करा, वय फक्त २३ आणि ज्याच्यावर जगायचं तेच बंद! घराचा भार भानुमतींनी शाळेत नोकरी करून उचलला.

जवळपास पाच वर्षं कुमारजी अंथरुणावर होते. गाता येत नव्हतं, पण ऐकता येत होतं. रस्त्यानं जाणाऱ्या बाया माळव्याची लोकगीतं म्हणत जायच्या. नाथपंथी जोगी एकतारीवर कबीराची निर्गुणी भजनं गायचे. ज्यांना कुणी गवई म्हणत नव्हतं, त्यांचं गाणं हा नावाजलेला गवई पडल्या पडल्या कान देऊन ऐकत होता.

पुन्हा गाणं

स्ट्रेप्टोमायसिन हे नवं औषध मिळालं आणि ते बरे झाले, पण एक फुफ्फुस कायमचं अधू झालं. पूर्वीसारखा लांब दमसास राहिला नाही. मग त्यांनी छोट्या, नेमक्या स्वरसमूहांची आपली वेगळी गायकी घडवली. माळव्यातल्या शेकडो लोकगीतांचा अभ्यास केला, लोकधुनांमधून नवे राग बांधले. १९६५ मध्ये 'अनूपरागविलास' हा त्यांच्या बंदिशींचा ग्रंथ निघाला.

आणि जोग्यांची ती भजनं? ती त्यांनी मैफिलीत आणली. शेवटी चवीपुरतं एक भजन म्हणून नव्हे, तर ख्यालाच्या बरोबरीनं. त्यांच्या निर्गुणी भजनांच्या रेकॉर्डी निघाल्या, पुढे कॅसेटी आल्या. राग न कळणारी माणसंसुद्धा त्या ऐकू लागली. हंस एकटाच उडून जाणार, असं सांगणारं त्यांचं भजन तर कितीतरी घरांत पोचलं. तुकाराम, सूरदास, मीरा यांच्या रचनाही त्यांनी तितक्याच मनापासून गायल्या.

१९६१ मध्ये भानुमती गेल्या. पुढे वसुंधराताईंनी आयुष्यभर साथ दिली. १९९० मध्ये कुमारजींना पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ रोजी देवासलाच त्यांचं निधन झालं.

वर्गात काय करता येईल?

कबीर आपल्यापासून लांब नाहीत. नांदेडच्या गुरुद्वारात ज्या गुरू ग्रंथ साहिबाचं पठण होतं, त्यात कबीर आहेत आणि आपल्या नरसीचे नामदेवही आहेत. एखाद्या शनिवारी परिपाठात मुलांना कुमारजींचं एक भजन ऐकवा. अर्थ लगेच विचारू नका, आधी शांतपणे ऐकू द्या. मग विचारा, तुमच्या घरी कोण गातं? कुणाची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल, कुणाचे वडील भजनी मंडळात असतील, कुणाच्या घरी भीमगीतं असतील. मुलांना ती गाणी लिहून आणायला सांगा. पालकहो, तुम्हीसुद्धा लाजू नका, मुलांना म्हणून दाखवा. आपल्या घरचं गाणंही शिकण्यासारखं असतं, हे मुलांना तुमच्याकडूनच कळेल.