विचारांचे मूळ आणि माणसाचे मन

राजकीय मते बुद्धीने तयार होतात, अशी सुशिक्षितांची एक समजूत असते. माणूस पुस्तके वाचतो, बाजू तपासून पाहतो आणि मग समतावादी किंवा परंपरावादी होतो, असे मानले जाते. वस्तुतः बहुधा याच्या उलट घडते. जन्म, मानापमान, भय आणि सवय यांच्या मिश्रणातून मनाचा कल आधी ठरतो आणि बुद्धी त्याची वकिली करू लागते. हे खरे असेल तर वैचारिक मतभेदांवर तोडगा कसा निघावयाचा? या प्रश्नाचा विचार करताना राजर्षी शाहू छत्रपतींचे चरित्र नव्या दृष्टीने पाहण्यासारखे आहे.

कागलच्या घाटगे घराण्यात 26 जून 1874 रोजी जन्मलेले यशवंतराव 17 मार्च 1884 रोजी दत्तक जाऊन कोल्हापूरच्या गादीवर आले. राजकोट व धारवाड येथे शिक्षण घेऊन 2 एप्रिल 1894 रोजी त्यांनी राज्याधिकार हाती घेतला. त्या वेळी सर्वसाधारण प्रशासनातील 71 अधिकाऱ्यांपैकी 60 ब्राह्मण होते. हे आकडे तरुण राजाला दिसत होतेच, आणि भास्करराव जाधवांसारख्या होतकरू तरुणाला त्यांनी लवकरच राज्यात आणलेही होते. तथापि आकड्यांनी माणूस अस्वस्थ होत असला तरी पेटून उठत नाही.

ती ठिणगी पडली पंचगंगेच्या घाटावर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कार्तिकस्नानाच्या वेळी पुरोहित वेदोक्त मंत्रांऐवजी पुराणोक्त मंत्र म्हणतो, ही गोष्ट महाराजांबरोबर असलेल्या राजारामशास्त्री भागवतांनी निदर्शनास आणून दिली. छत्रपती हा क्षत्रिय नव्हे, शूद्र होय, असा त्याचा सरळ अर्थ होता. राजोपाध्यांनी वेदोक्त विधी करण्यास नकार दिला, प्रकरण वाढत गेले आणि 1902 मध्ये राजोपाध्यांची वतने जप्त झाली.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे मान्य केली पाहिजे. या वादाच्या प्रारंभी महाराजांची मागणी समतेची नव्हती. स्वतःच्या क्षत्रियत्वाला मान्यता मिळावी, एवढीच ती होती. म्हणजे उतरंडीतील आपली पायरी वर असावी हा आग्रह होता, उतरंडच नको असा नव्हे. विरोधकांच्या मनाचे चित्रही तितक्याच समजुतीने पाहिले पाहिजे. परकीय सत्तेशी धैर्याने झुंजणारे लोकमान्य टिळक या वादात महाराजांच्या बाजूने उभे राहिले नाहीत. पारतंत्र्यात धर्म आणि परंपरा हाच आपला उरलेला कोट आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांना त्या कोटाचा एकेक चिरा पवित्र वाटणे स्वाभाविक होते. महाराजांना तोच कोट तुरुंगाची भिंत वाटू लागला. आपापल्या दृष्टीने दोन्ही पक्ष नीतीचेच रक्षण करीत होते. भिंतीच्या कोणत्या बाजूला आपण उभे आहोत, यावर नीतीचा अर्थ ठरत होता.

अपमान सर्वांच्याच वाट्याला येतो, परंतु त्याचे पुढे काय होते यात माणसामाणसांत फरक पडतो. बहुतेक जण वरून आलेला अपमान खालच्यावर ढकलून मोकळे होतात. महाराजांच्या मनाने दुसरी दिशा घेतली. मंत्र नाकारल्याने गादीवरच्या राजाला इतके लागत असेल, तर पाणी नाकारलेल्या माणसाला काय वाटत असेल, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असावा, असे त्यांच्या पुढील कृतींवरून म्हणावे लागते. ते इंग्लंडमध्ये असताना 26 जुलै 1902 रोजी निघालेल्या हुकुमाने रिकाम्या होणाऱ्या सरकारी जागांपैकी 50 टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखण्यात आल्या. 1901 पासून मराठा, जैन, मुसलमान, लिंगायत अशी विद्यार्थी वसतिगृहे निघत गेली आणि 1908 मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले.

हे परिवर्तन एका रात्रीत झालेले नाही. वेदोक्ताच्या प्रसंगापासून 1918 च्या कायद्यांपर्यंत जवळजवळ दोन दशके गेली. त्या एका वर्षात महार वतने रद्द झाली व साऱ्या कुटुंबाला वेठीस बांधणारी बेडी तुटली. गुन्हेगार ठरविलेल्या जमातींची रोजची हजेरी बंद झाली. कुलकर्णी वतने जाऊन पगारी तलाठी आले. सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाची घोषणा 1917 मध्येच झाली होती. पन्हाळा तालुक्यातील कोडोलीसारख्या गावात या हुकुमांचा अर्थ काय झाला असेल, याची कल्पना करावी. महाराजांच्या काळी कोडोलीस अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचे ठाणे होते. अक्षरओळख आणि औषधपाणी जातीची चौकशी न करता देता येते, हे तेथील लोक पाहत होते. परंतु मिशनची सेवा ही परक्याची दया ठरू शकते. राज्याच्या हुकुमाने मिळते तो हक्क असतो. चावडीतील दप्तर वंशपरंपरेच्या हातून सुटणे आणि शेतकऱ्याच्या मुलाने शाळेत बसणे हा गावाच्या मनाला दिलेला धडा होता.

मन बदलण्याचे महाराजांचे तंत्र याहूनही सूक्ष्म होते. गंगाराम कांबळे या दलित सेवकाने स्पृश्यांच्या पाण्याला हात लावला म्हणून त्याला मारहाण झाली. महाराजांनी मारणाऱ्यांना शासन केले आणि गंगारामला चहाचे दुकान काढून दिले. महाराज स्वतः तेथे चहा घेत आणि बरोबरच्या सरदार-मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. व्याख्यानाने ज्यांचे मत पालटले नसते, त्यांच्या हातात कप आला. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1954 मध्ये पूर्वग्रहांवरील आपल्या ग्रंथात मांडले, की केवळ सहवासाने द्वेष ओसरत नाही. तो सहवास समान दर्जाचा असावा लागतो आणि अधिकाराचे पाठबळ त्यामागे असावे लागते. लिऑन फेस्टिंगरने 1957 मध्ये दाखविले, की कृती आणि श्रद्धा यांत विसंगती आली म्हणजे मन पुष्कळदा कृतीला जुळेल अशी श्रद्धा बनविते. हे सिद्धांत मांडले जाण्यापूर्वी कित्येक वर्षे कोल्हापूरच्या रस्त्यावर त्यांचा प्रयोग झाला होता.

महाराजांच्या धोरणावर आक्षेप नव्हते असे नाही. ब्रिटिश सत्तेच्या आधाराने ते चालतात, हा आरोप राष्ट्रवादी करीत. प्रत्येक जातीचे निराळे वसतिगृह काढल्याने जात पक्की होते, अशीही टीका होऊ शकते. परंतु 1896 साली सर्व जातींसाठी म्हणून काढलेले राजाराम वसतिगृह अखेर एकाच जातीचे होऊन बसले, हा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. तत्त्व उदार असले तरी जुनी सवय त्याला गिळते, हे त्यांना कळले होते. 1920 च्या मार्चमध्ये माणगावच्या परिषदेत डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाचे त्यांनी जाहीर स्वागत केले. घाटावर स्वतःसाठी मंत्र मागणारा राजा दुसऱ्याच्या हाती नेतृत्व सोपवून मोकळा झाला. 6 मे 1922 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले, तेव्हा ते अवघे 47 वर्षांचे होते.

आजही राखीव जागांचा विषय निघाला की कचेरीत, महाविद्यालयात आणि शिक्षकांच्या खोलीत दोन तट पडतात. प्रत्येकाला वाटते, आपण न्यायाचे बोलतो आणि समोरचा स्वार्थाचे. दोघांच्याही युक्तिवादाखाली एखादी जखम किंवा एखादे भय असते. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण शाहू महाराजांच्या विचारांचे मूळही जखमेतच होते. मात्र आपल्या जखमेच्या पलीकडे असलेली दुसऱ्याची जखम त्यांना दिसली आणि त्यांनी हुकूम काढला तो तिच्यासाठी. विचारसरणीची कसोटी लावावयाची तर ती येथे लावावी. आपले मत कोठून आले हे बहुधा आपल्या हाती नसते. ते आपल्यापुरते राहते की दुसऱ्यापर्यंत पोहोचते, हे मात्र आपल्या हाती असते.