डॉक्टर सॅम्युएल जॉन्सन : स्वतःशी झगडलेला पुरुष

चांगले काय ते ठाऊक असावे, ते करण्याची शक्ती असावी, इच्छाही असावी, आणि तरी आपल्याच हाताने आपले काम बिघडवावे, असा अनुभव पुष्कळांस येतो. अशा मनुष्यास आळशी म्हणून आपण मोकळे होतो. परंतु हे दुखणे थोरांसही जडते, हे इंग्लंडातील विख्यात ग्रंथकार डॉ. जॉन्सन ह्यांच्या चरित्रावरून दिसते.

त्यांचा जन्म १७०९ साली लिचफील्ड येथे एका पुस्तकविक्याच्या घरी झाला. बाळपणीच्या गंडमाळेने त्यांची दृष्टी अधू झाली, व दारिद्र्यामुळे ऑक्सफर्ड येथील शिक्षण अर्धवट सोडावे लागले. पुढे खिन्नतेने त्यांस वारंवार ग्रासले. असे असूनही सुमारे नऊ वर्षे खपून त्यांनी १७५५ साली चाळीस हजारांहून अधिक शब्दांचा इंग्रजी कोश प्रसिद्ध केला.

मग पुढच्याच वर्षी त्यांनी शेक्सपिअरची नाटके संपादून सुमारे दीड वर्षात देण्याचे जाहीर केले. लोकांनी आगाऊ वर्गणी दिली. तो पैसा खर्च झाला, पण पुस्तक निघेना. १७६२ साली चर्चिल नावाच्या कवीने ह्याबद्दल त्यांची उघड थट्टा केली. अखेर १७६५ साली ग्रंथ बाहेर पडला.

ह्या दिरंगाईचे मूळ काय? एकांतात खिन्नता घेरील ह्या भयाने ते रात्री उशिरापर्यंत मित्रमंडळीत बसत. मग सकाळ अंथरुणात जाई. दिवस व्यर्थ गेला म्हणून पस्तावा होई, आणि त्या पस्ताव्याने एकांताचे भय अधिकच वाढे. नववर्षदिनी, ईस्टरला आणि आपल्या वाढदिवशी ते प्रार्थनापूर्वक लवकर उठण्याचा संकल्प लिहून ठेवीत, आणि तो मोडल्याचेही प्रामाणिकपणे नमूद करीत. असे कित्येक वर्षे चालले.

परंतु दुसरी बाजूही पाहावी. १७५० ते १७५२ पर्यंत त्यांनी आठवड्यातून दोनदा निघणारे पत्र चालविले, आणि त्याचे २०८ अंक बहुतेक एकट्याने लिहिले. लेख पुष्कळदा आयत्या वेळी लिहिला जाई, पण अंक चुकला नाही. १७५९ साली आई वारली, तेव्हा तिच्या उत्तरक्रियेच्या खर्चासाठी त्यांनी एका आठवड्याच्या संध्याकाळी एक कथा लिहून पुरी केली. स्वतःशी केलेला संकल्प मोडे, पण दुसरा कोणी वाट पाहत असला व दिवस ठरलेला असला, म्हणजे तोच हात चाले.

तरुणपणी त्यांनी अभिमानाने बापाबरोबर उटॉक्सेटरच्या बाजारी दुकानावर जाण्याचे नाकारले होते. ते शल्य पुष्कळ वर्षे राहिले. म्हातारपणी ते तेथे गेले आणि दुकानाच्या जागी पावसात उघड्या डोक्याने उभे राहिले. मनात कुढण्याहून अशी एक कृती बरी.

१७८४ साली ते निवर्तले. लवकर उठणे त्यांस शेवटपर्यंत पुरते साधले नाही, पण पडल्यावर पुन्हा उठणे त्यांनी सोडले नाही. त्यांनी अंध व निराधार माणसांस आपल्या घरी आश्रयही दिला.

वाचकहो, जे काम आपण उद्यावर ढकलीत आहो, त्यासाठी मोठी शपथ वाहू नये. अमुक दिवशी हे काम पाहावयास या, असे एखाद्या शेजाऱ्यास आजच सांगावे. आणि तो दिवसही चुकला, तर स्वतःस शिव्याशाप देत न बसता दुसरा दिवस नेमावा, असे आम्हांस वाटते.