शहजादा दानियाल

शहजादा दानियाल (जन्म: सप्टेंबर १५७२, अजमेर, मृत्यू: मार्च १६०५, बऱ्हाणपूर) हा मुघल सम्राट अकबर याचा धाकटा पुत्र होता. खानदेश, वऱ्हाड आणि अहमदनगरच्या निजामशाहीकडून जिंकलेला मुलूख यांचा तो सुभेदार होता. आजच्या बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर, लोणार, मलकापूर हा परिसर त्या काळी वऱ्हाड सुभ्यात मोडत असे; त्यामुळे जिल्ह्याच्या मुघलकालीन इतिहासाच्या आरंभी या शहजाद्याचे नाव येते. अतिमद्यपानामुळे वयाच्या तेहतिसाव्या वर्षी त्याचा अंत झाला. बंदी असतानाही बंदुकीच्या नळीतून चोरून आणलेल्या दारूमुळे ओढवलेला त्याचा मृत्यू मुघल इतिहासात विशेष प्रसिद्ध आहे.

जन्म व बालपण

अकबर गुजरातच्या स्वारीवर निघाला असता दानियालचा जन्म अजमेर येथे झाला. ख्वाजा मुईनुद्दीन चिश्ती यांच्या दर्ग्याचे एक सेवेकरी शेख दानियाल यांच्या घरी हा जन्म झाल्याने त्यांचेच नाव बालकास देण्यात आले. अकबराच्या जनानखान्यातील एक उपपत्नी ही त्याची आई होती. तान्हेपणीच त्याला आमेर येथे राजा भारमल याच्या पत्नीच्या देखरेखीखाली ठेवण्यात आले. सलीम (पुढे जहांगीर) आणि मुराद हे त्याचे थोरले बंधू होत. १५७७ मध्ये अकबराने तिन्ही पुत्रांना मनसबी दिल्या, त्यांत सलीमला दहा हजारांची, मुरादला सात हजारांची आणि दानियालला सहा हजारांची मनसब मिळाली. १५९७ मध्ये त्याची मनसब सात हजारांची करण्यात येऊन त्याच्याकडे अलाहाबादचा सुभा सोपविण्यात आला.

स्वभाव

जहांगीराने आपल्या आत्मचरित्रात या धाकट्या भावाचे वर्णन आपुलकीने केले आहे. दानियाल देखणा आणि रुबाबदार होता. हत्ती-घोड्यांचा त्याला विलक्षण षोक होता. कोणाकडे उत्तम जनावर असल्याचे कळले की ते आपल्याकडे आणल्यावाचून त्याला चैन पडत नसे. हिंदी गाणे त्याला प्रिय होते. प्रसंगी तो त्या भाषेत पद्यरचनाही करी आणि ती वाईट नसे, असे जहांगीर नमूद करतो. बंदुकीने शिकार करणे हा त्याचा आणखी एक छंद होता.

दक्षिणेतील कामगिरी

१५९६ च्या तहाने चाँदबिबीने वऱ्हाड मुघलांच्या स्वाधीन केले. वऱ्हाडचा कारभार प्रथम शहजादा मुराद याच्याकडे होता. त्याने बाळापूरजवळ शाहपूर येथे आपले ठाणे वसविले. मात्र मुराद मद्याच्या आहारी गेला होता. मे १५९९ मध्ये पूर्णा नदीच्या काठी छावणीतच त्याचा मृत्यू झाला. त्याच्या जागी अकबराने दानियालची नेमणूक केली. त्याला निरोप देताना अकबराने केवळ बादशहाच्या वापरातील लाल तंबू त्याला बहाल केला. हा मोठा सन्मान समजला जाई. याच सुमारास सेनापती अब्दुर्रहीम खानखानान याची कन्या जानान बेगम हिच्याशी दानियालचा विवाह झाला आणि खानखानान त्याच्यासोबत दक्षिणेत आला.

दानियाल आणि खानखानान यांनी अहमदनगरला वेढा दिला. किल्ल्यातील दुहीत चाँदबिबीची हत्या झाली आणि ऑगस्ट १६०० मध्ये किल्ला मुघलांच्या हाती आला. बालराजा बहादूर निजामशाह याला ग्वाल्हेरच्या किल्ल्यात कैदेत ठेवण्यात आले. जानेवारी १६०१ मध्ये असीरगडही पडला व खानदेशातील फारुकी राजवट संपली. अकबराने खानदेशाला मुलाच्या नावावरून ‘दानदेश’ असे नाव दिले. नव्याने जिंकलेला सर्व प्रदेश दानियालकडे सोपवून तो आग्र्यास परतला. दानियालने बऱ्हाणपूर हे आपले मुख्य ठाणे केले.

अहमदनगर पडले तरी निजामशाही संपली नव्हती. मलिक अंबर आणि राजू दखनी यांनी मुघलांना सतत झुंजविले. सिंदखेडच्या लखुजी जाधवरावांसारखी मराठा घराणी या काळात प्रबळ होत होती. रणांगणावरील भार मुख्यतः खानखानान व त्याचा मुलगा इरज यांनी वाहिला. १६०४ मध्ये विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या कन्येशी दानियालचा विवाह गोदावरीकाठी पैठणजवळ झाला. इतिहासकार फिरिश्ता हा वधूच्या लवाजम्यासोबत होता. या विवाहानंतर वर्षभरातच दानियालचे निधन झाले.

मुघल दरबारातील मद्य

दानियालचे व्यसन समजण्यासाठी त्या काळातील मद्यनिर्मितीची माहिती उपयुक्त ठरते. अबुल फजलने ‘आईन-ए-अकबरी’त उसाच्या प्रकरणात दारू गाळण्याची कृती दिली आहे. एक मण उसाला दहा शेर कुटलेली बाभळीची साल घालून त्यावर तिप्पट पाणी ओतत. हे मिश्रण मोठ्या रांजणांत भरून ते रांजण जमिनीत पुरत व त्यांच्याभोवती घोड्याची सुकी लीद पसरत. सात ते दहा दिवसांत मिश्रण आंबून तयार होई. त्यानंतर ते भट्टीवर चढवून, वर थंड पाण्याचे भांडे ठेवून, वाफेचा अर्क गोळा केला जाई. हाच अर्क पुन्हा एकदा गाळला म्हणजे ‘दोआतिशा’, अर्थात दोन वेळा विस्तव पाहिलेली दारू तयार होई. ती इतकी कडक असे, की तिने ओला केलेला हात विस्तवाजवळ नेल्यास ज्वाळा उठत, पण हाताला इजा होत नसे.

मद्याच्या विक्रीवर अकबराने काही निर्बंध घातले होते. इतिहासकार बदायुनी याच्या वृत्तांतानुसार दरबाराजवळ एक दुकान उघडण्यात आले होते व ते एका द्वारपालाची पत्नी चालवीत असे. औषध म्हणून दारू हवी असणाऱ्यास ती ठरलेल्या दराने मिळे. मात्र घेणाऱ्याचे, त्याच्या वडिलांचे व आजोबांचे नाव तेथे नोंदवून घेतले जाई. खोटी नावे सांगूनही लोक दारू नेत, असे बदायुनी लिहितो. बादशहाच्या स्वतःच्या घरात मात्र या निर्बंधांचा उपयोग झाला नाही. अकबराचा सावत्र भाऊ मिर्झा हकीम १५८५ मध्ये काबूल येथे दारूपायीच मरण पावला होता, आणि मुरादची गतही तीच झाली.

थोरला भाऊ सलीम हाही याच वाटेवर होता. दोआतिशाचे वीस प्याले, म्हणजे दिवसा चौदा व रात्री सहा, असे त्याचे प्रमाण झाले होते. हात इतके थरथरत, की प्याला दुसऱ्याने त्याच्या तोंडाशी धरावा लागे. हकीम हुमाम याने त्याला स्पष्ट सांगितले, की असेच चालू राहिले तर सहा महिन्यांत दुखणे उपायापलीकडे जाईल. त्यानंतर सलीमने दोन भाग द्राक्षाचे मद्य व एक भाग अर्क असे सौम्य मिश्रण घेण्यास आरंभ केला आणि सात वर्षांत प्याल्यांची संख्या सहावर आणली. दानियालला असे प्रमाण बांधून घेणे साधले नाही.

अखेरचे दिवस

दानियालच्या व्यसनाच्या वार्ता आग्र्यास पोहोचत होत्या. अकबराने त्याला वारंवार समज दिली व परत बोलावले. परंतु निरनिराळी कारणे सांगून दानियालने येण्याचे टाळले. अखेर खानखानानच्या नावे कडक फर्मान निघाले. त्यानुसार खानखानानने जावयाच्या महालाभोवती विश्वासू माणसांचा पहारा बसविला आणि दारू आत जाण्याचे सर्व मार्ग बंद केले.

दानियाल व्याकूळ झाला. तो सेवकांपुढे रडून गयावया करू लागला आणि कोणत्याही उपायाने दारू आणण्याची विनवणी करू लागला. मुर्शिदकुली खान नावाचा बंदूकधारी सेवक त्याच्या मर्जीतला होता. दानियालजवळ एक आवडती बंदूक होती. तिची गोळी ज्याला लागेल तो थेट तिरडीवरच जाईल, अशा अर्थाचे ‘यक्का-ओ-जनाजा’ हे नाव त्याने स्वतःच तिला दिले होते. शिकारीच्या बंदुकीची झडती कोण घेणार, हे जाणून त्याने त्याच बंदुकीच्या नळीत दारू भरून आणण्यास सांगितले. मुर्शिदकुलीने बक्षिसाच्या आशेने दोआतिशा नळीत भरून आत नेली. अनेक वर्षे दारूगोळ्याने काळवंडलेल्या त्या नळीतील गंज व जळका थर कडक अर्कात उतरला. ते मिश्रण पिताच दानियाल कोसळला. सुमारे चाळीस दिवस अंथरुणाला खिळून बऱ्हाणपूर येथे त्याचे निधन झाले. शत्रूसाठी ठेवलेले बंदुकीचे नाव तिच्या धन्याच्याच बाबतीत खरे ठरले, असे जहांगीराने नोंदविले आहे. दारू पुरविणाऱ्यांना खानखानानने पकडून कठोर शिक्षा केली.

गंजमिश्रित मद्य हे मृत्यूचे निमित्त ठरले असले, तरी कित्येक वर्षांच्या अतिमद्यपानाने त्याचे शरीर आधीच पोखरले गेले होते. दीर्घकाळ मद्य घेणाऱ्याचे मद्य एकाएकी तोडल्यास जिवाला धोका संभवतो, हे आजचे वैद्यक जाणते. त्या काळच्या पहारेकऱ्यांना व सासऱ्याला ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांनी केलेला बंदोबस्त त्याला वाचविण्यासाठीच होता.

वारस

दानियालमागे तहमुरास, बायसुंघर व होशंग हे तीन पुत्र आणि चार कन्या होत्या. पुढे तहमुरासचा विवाह जहांगीराच्या कन्येशी, तर होशंगचा खुसरोच्या कन्येशी झाला. जहांगीराच्या मृत्यूनंतर वारसायुद्ध झाले. त्यात शाहजहानच्या आज्ञेने जानेवारी १६२८ मध्ये तहमुरास व होशंग या दोघांना लाहोर येथे ठार करण्यात आले. त्यापूर्वी १६२६ मध्ये जहांगीराचा पुत्र शहजादा परवीझ हाही बऱ्हाणपूर येथेच अतिमद्यपानाने मरण पावला होता.

मूल्यमापन

मुराद आणि दानियाल या दोन्ही पुत्रांचा मृत्यू दक्षिणेच्या सुभेदारीवर असताना, सहा वर्षांच्या आत आणि एकाच कारणाने झाला. दानियालनंतर सिंहासनाच्या वारसदारांत अकबराचा एकटा सलीम हा पुत्र उरला. या शोकानंतर काही महिन्यांतच, ऑक्टोबर १६०५ मध्ये अकबराचेही निधन झाले. बऱ्हाणपुरात समर्थ सुभेदार नसल्याने वऱ्हाडातील मुघल सत्ता दुबळी झाली. मलिक अंबरला निजामशाहीची घडी पुन्हा बसविण्यास अवधी मिळाला. त्यामुळे वऱ्हाड व बालाघाटातील रयतेला पुढील कित्येक वर्षे दोन्ही बाजूंच्या फौजांची धामधूम सोसावी लागली. दानियालच्या नावावरून पडलेले ‘दानदेश’ हे नावही टिकले नाही. लोकव्यवहारात खानदेश हेच नाव कायम राहिले.