सर्वांची बाग

चौकाच्या मधोमध उंच चौथरा, भोवती लोखंडी कठडा आणि वर एखाद्या थोर पुरुषाची मूर्ती, असा पुतळा तुम्ही नक्कीच पाहिला असेल. जयंतीच्या दिवशी त्याला हार घालतात. एरवी रस्त्याने जाणाऱ्यांचे तिकडे फारसे लक्षही जात नाही. परंतु जगात एक शहर असे आहे, की जेथील बागेत एकाच शिल्पकाराने घडवलेल्या दोनशेहून अधिक मूर्ती आहेत आणि त्यांत एकही राजा, सेनापती किंवा पुढारी नाही. तेथे आहे रागाने पाय आपटणारे मूल, दोन मुलांना पाठीवर घेऊन घोडा झालेली आई, एकमेकांना आधार देणारी म्हातारी माणसे. म्हणजे तेथे आहोत आपण सगळेच! हे शहर म्हणजे नॉर्वे देशाची राजधानी ऑस्लो. आणि ही बाग घडवणाऱ्या शिल्पकाराचे नाव गुस्ताव विगेलँड.

गुस्तावचा जन्म ११ एप्रिल १८६९ रोजी नॉर्वेच्या दक्षिण किनाऱ्यावरील मांडाल या लहानशा गावाजवळ झाला. त्याचे वडील सुतार होते. घरात धार्मिक वातावरण होते आणि वडिलांची शिस्त फार कडक होती. लहानपणी गुस्ताव काही काळ आपल्या आजोळी, विगेलँड नावाच्या शेतवाडीवर राहिला. पुढे त्याने याच शेतवाडीचे नाव आपले आडनाव म्हणून घेतले.

वडिलांच्या हाताखाली लाकडाची ओळख त्याला लहानपणीच झाली होती. पंधराव्या वर्षी वडिलांनी त्याला लाकडावरचे कोरीव काम शिकण्यासाठी राजधानीत पाठवले. त्या वेळी या शहराला क्रिस्तियानिया म्हणत. ऑस्लो हे नाव त्याला १९२५ साली मिळाले. गुस्ताव दिवसा लाकूड कोरी आणि उरलेल्या वेळात चित्रे काढी, पुस्तके वाची. पण १८८६ साली वडील वारले आणि शिक्षण सोडून त्याला घरी परतावे लागले. घरच्यांच्या पोटापाण्याचा प्रश्न उभा होता.

दोन वर्षांनी तो पुन्हा राजधानीत आला. आता त्याच्या मनात एकच ध्यास होता : शिल्पकार व्हायचे. पण खिशात पैसा नव्हता, शहरात ओळखीचे कोणी नव्हते. काही महिने त्याने हालात काढले. शेवटी धीर करून, आपली चित्रे घेऊन तो ब्रिन्युल्फ बेर्गस्लिएन या नामवंत शिल्पकाराकडे गेला. बेर्गस्लिएन यांनी या गरीब मुलाचा हुन्नर ओळखला. त्यांनी त्याला आपल्या कार्यशाळेत जागा दिली आणि त्याच्या शिक्षणाला मदत केली. १८८९ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, गुस्तावचे पहिले शिल्प राष्ट्रीय प्रदर्शनात मांडले गेले.

त्यानंतर शिष्यवृत्ती मिळवून विगेलँड परदेशी गेले. कोपनहेगन, पॅरिस, बर्लिन, फ्लॉरेन्स अशा शहरांतून ते हिंडले. पॅरिसमध्ये त्यांनी ओग्युस्त रोदँ या जगप्रसिद्ध शिल्पकाराच्या कार्यशाळेला भेट दिली. मायदेशी परतल्यावर मात्र केवळ कलेवर पोट भरणे कठीण होते. म्हणून त्यांनी ट्रॉन्डहाइम शहरातील जुन्या, भव्य चर्चच्या दुरुस्तीच्या कामात मूर्ती घडवण्याचे काम पत्करले. हे काम त्यांनी पोटासाठी केले. पण दगड आणि इमारत यांचे नाते त्यांना येथेच कळले. मूर्ती एकटी नसते. तिच्या आजूबाजूची भिंत, कमान, वाट आणि मोकळी जागा यांच्यासह ती पाहायची असते, हा धडा त्यांना पुढे जन्मभर उपयोगी पडला.

विगेलँड यांच्या हातचे एक लहानसे काम साऱ्या जगात पोहोचले आहे. नोबेल शांतता पारितोषिकाचे पदक विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनीच तयार केले. त्याच्या एका बाजूला आल्फ्रेड नोबेल यांचा चेहरा आहे, तर दुसऱ्या बाजूला एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून उभी असलेली तीन माणसे आहेत. १९७९ साली मदर तेरेसा यांना आणि २०१४ साली कैलाश सत्यार्थी व मलाला युसूफझाई यांना मिळालेली पदके याच नमुन्याची होती.

१९०५ साली नॉर्वे स्वीडनपासून वेगळा होऊन स्वतंत्र झाला. नव्या देशाला आपल्या थोर माणसांची स्मारके हवी होती. गणितज्ञ आबेल, लेखिका कामिला कोलेट, संगीतकार नोर्द्रोक यांचे पुतळे विगेलँड यांनी राजधानीसाठी घडवले. त्यांचे नाव सर्वत्र झाले. परंतु त्यांच्या मनात निराळीच कल्पना घोळत होती. त्यांना एक मोठे कारंजे घडवायचे होते. मधोमध एक प्रचंड हौद सहा पुरुषांनी पेललेला आणि भोवती झाडांच्या सावलीत माणसाचे सारे आयुष्य, बालपणापासून मृत्यूपर्यंतचे. १९०६ साली त्यांनी या कारंजाचा लहान नमुना लोकांपुढे मांडला. लोकांना तो फार आवडला. पुढच्याच वर्षी नगरपालिकेने त्यांना हे काम सोपवले.

आता प्रश्न आला तो जागेचा. कारंजे शहरात कोठे बसवायचे? पहिला विचार होता, संसदेच्या इमारतीसमोरील चौकात. ही जागा शहराच्या अगदी मध्यभागी होती. पण विगेलँड यांची कल्पना थांबायला तयार नव्हती. कारंजाबरोबर त्यांनी ग्रॅनाइट दगडाचे मोठमोठे शिल्पसमूह आखले. आता हा सारा पसारा चौकात मावणे शक्य नव्हते. म्हणून राजवाड्याच्या बागेतील एका टेकडीचे नाव पुढे आले. तेव्हा शहरात मोठा वाद सुरू झाला. इतक्या मूर्तींनी राजवाड्याच्या आसपासचा परिसर झाकून जाईल, असे काहींना वाटले. नगरपालिकेचा एवढा पैसा आणि एवढी जागा एकाच कलावंताला का द्यावी, असाही प्रश्न विचारला गेला.

हा प्रश्न चुकीचा नव्हता. रस्ता, चौक, बाग यांवर साऱ्या नागरिकांचा हक्क असतो. आपल्या घरात कोणते चित्र लावावे हे आपण ठरवतो. पण चौकात कोणती मूर्ती उभी राहावी, हे एकट्याने ठरवून चालत नाही. ती मूर्ती आवडो वा न आवडो, सर्वांना रोज पाहावी लागते. म्हणून अशा कामात वाद होणे साहजिकच होते.

याच सुमारास आणखी एक अडचण उभी राहिली. विगेलँड ज्या इमारतीत काम करत होते, ती पाडून तेथे ग्रंथालय बांधण्याचे नगरपालिकेने ठरवले. कारागिराला कार्यशाळाच नसेल तर तो काम कोठे करणार? बरीच चर्चा झाली आणि अखेर १९२१ साली नगरपालिका व विगेलँड यांच्यात एक करार झाला. असा करार कलेच्या इतिहासात क्वचितच सापडतो. नगरपालिकेने विगेलँड यांना राहण्यासाठी व कामासाठी एक प्रशस्त इमारत बांधून द्यावी आणि त्यांच्या पश्चात त्या इमारतीचे संग्रहालय करावे, असे ठरले. त्याच्या मोबदल्यात विगेलँड यांनी आपली जवळजवळ सारी निर्मिती शहराला देऊन टाकली. जे घडवले होते ते आणि पुढे जे घडवतील तेही! मूर्ती, चित्रे, नमुने, सारे काही शहराचे झाले. या मूर्ती विकून त्यांना मोठी दौलत मिळवता आली असती. श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत त्या गेल्या असत्या आणि मूठभर लोकांनीच त्या पाहिल्या असत्या. विगेलँड यांनी दौलतीपेक्षा काम करण्याची मोकळीक निवडली.

नवी इमारत फ्रोग्नर या भागात होती. तेथे जवळच नगरपालिकेच्या मालकीची मोठी मोकळी जमीन होती. अखेर १९२४ साली नगरपालिकेने कारंजासाठी तीच जागा पक्की केली आणि अनेक वर्षांचा वाद मिटला. गजबजलेल्या चौकाऐवजी शहराच्या एका भागातील विस्तीर्ण बाग विगेलँड यांना मिळाली. येथे मूर्तींना श्वास घ्यायला जागा होती आणि माणसांना त्यांच्यामधून फिरायलाही.

यानंतर विगेलँड यांनी केवळ मूर्तीच घडवल्या नाहीत, तर सारी बाग आखली. दरवाजे, दिवे, वाटा, पायऱ्या, सारे त्यांनी कागदावर रेखाटले. सुमारे ८५० मीटर लांबीच्या एका सरळ रेषेवर त्यांनी बागेचे भाग एकापुढे एक मांडले. आधी मोठा लोखंडी दरवाजा. मग शंभर मीटर लांबीचा पूल आणि त्याच्या कठड्यांवर काशाच्या ५८ मूर्ती. मग कारंजे. त्याच्या भोवती काशाचेच वीस वृक्ष, त्यांच्या फांद्यांत आणि सावलीत लहानथोर माणसे. कारंजाच्या पुढे पायऱ्या चढून गेले, की एक उंच चौथरा लागतो. तेथे ग्रॅनाइटचे ३६ शिल्पसमूह आहेत आणि मध्यभागी एकाच दगडातून कोरलेला उंच स्तंभ उभा आहे. या रेषेच्या अगदी शेवटी आहे जीवनचक्र. स्त्री, पुरुष आणि मुले यांनी एकमेकांना धरून केलेले हे गोल कडे आहे. चालणारा माणूस दरवाजातून आत शिरतो आणि चालता चालता जणू सारे आयुष्य पाहून येतो.

स्तंभाची कहाणी तर थक्क करणारी आहे. त्यासाठी शेकडो टन वजनाचा एक अखंड दगड खाणीतून काढून आणला आणि बागेत उभा केला. त्याच्याभोवती लाकडी छप्पर बांधले. विगेलँड यांनी मूर्तींचा पूर्ण आकाराचा नमुना आधीच तयार केला होता. त्याबरहुकूम दगड कोरण्याचे काम तीन कुशल पाथरवटांनी १९२९ साली सुरू केले. ऊन असो वा बर्फ पडो, छिन्नी-हातोड्याचा आवाज थांबला नाही. हे काम पुरे व्हायला चौदा वर्षे लागली! चौथऱ्यासह सुमारे सतरा मीटर उंचीच्या या स्तंभावर १२१ माणसे आहेत. कोणी चढत आहे, कोणी दुसऱ्याला आधार देत आहे, कोणी लहान मुलाला वर उचलून धरत आहे. विगेलँड यांचे नाव जगाला ठाऊक आहे. पण त्या पाथरवटांच्या मेहनतीशिवाय हा स्तंभ उभा राहिला नसता, हे विसरून चालणार नाही.

या बागेतील माणसांच्या अंगावर कोणत्याही देशाचा किंवा काळाचा पोशाख नाही. मूर्तींवर नावे नाहीत, त्यांचा अर्थ सांगणारी पाटीही नाही. त्यामुळे तो माणूस गरीब की श्रीमंत, कोणत्या मुलखातला, कोणत्या शतकातला हे कळत नाही. तो फक्त माणूस आहे. हे सर्वांनाच पटले असे नाही. काही टीकाकारांना या मूर्ती फार बोजड वाटल्या. पण टीकेमुळे विगेलँड यांनी आपला मार्ग बदलला नाही.

कामाच्या या वेडाची किंमतही मोठी होती. विगेलँड एकांतात राहत. लोकांत फारसे मिसळत नसत. त्यांच्या पहिल्या पत्नीची दोन मुले त्यांच्यापासून दूरच वाढली. ज्याने आईबाप आणि मुलांच्या इतक्या मूर्ती घडवल्या, त्याला आपल्या मुलांसाठी वेळ काढता आला नाही, ही त्यांच्या आयुष्यातील दुःखाची बाजू आहे.

१९४० साली जर्मन फौजांनी नॉर्वेचा ताबा घेतला. दुसऱ्या महायुद्धाच्या त्या कठीण दिवसांतही बागेचे काम चालूच राहिले. त्याच वर्षी पूल लोकांसाठी खुला झाला. १२ मार्च १९४३ रोजी, वयाच्या ७३ व्या वर्षी, विगेलँड यांचे निधन झाले. स्तंभाचे कोरीव काम त्याच सुमारास पुरे झाले होते. पण पूर्ण झालेली बाग पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांची रक्षा त्यांच्या कार्यशाळेच्या मनोऱ्यात ठेवण्यात आली. १९४४ च्या नाताळात स्तंभ लोकांना पाहण्यासाठी खुला केला, तेव्हा त्या अंधाऱ्या, युद्धाच्या दिवसांतही सुमारे १,८०,००० माणसे तो पाहायला आली. करारात ठरल्याप्रमाणे १९४७ साली कार्यशाळेचे संग्रहालय झाले.

आज या बागेत विगेलँड यांची २१२ शिल्पे आहेत. दरवर्षी दहा लाखांहून अधिक लोक ती पाहायला येतात. बागेला तिकीट नाही आणि तिचे दरवाजे रात्रीही बंद होत नाहीत. उन्हाळ्यात लोक येथे हिरवळीवर बसून जेवतात, मुले दगडी मूर्तींच्या अंगाखांद्यावर खेळतात. पुलावर एका लहान, रागावलेल्या मुलाची मूर्ती आहे. येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचा हात हातात घेतो. इतक्या हातांच्या स्पर्शाने त्या मुलाचा काशाचा हात सोन्यासारखा चमकू लागला आहे.

चौथऱ्यावरच्या पुतळ्याला वर्षातून एकदा हार मिळतो. या मुलाचा हात मात्र लोक रोज धरतात. कला सर्वांच्या मालकीची झाली, की ती अशी सर्वांच्या जवळची होते.