कारीचे कान्होजी जेधे

भोरनजीकचे कारी हे रोहिडखोऱ्याचे देशमुख कान्होजी जेधे यांचे गाव. शहाजीराजांच्या पदरी ते कर्नाटकात गेले. बेंगळूरचे वैभव त्यांनी पाहिले, १६४८ मध्ये राजांबरोबर कैदही भोगली. सुटकेनंतर राजांनी त्यांना शिवरायांकडे मावळात पाठविले. दरबार सुटला, डोंगरकपारीचे खोरे उरले. तेथे त्यांचे मन किती रमले होते, ते १६५९ साली दिसून आले. अफझलखानास सामील व्हावे, असे विजापूरचे फर्मान आले. शेजारचे उत्रोळीकर खंडोजी खोपडे खानास मिळाले. कान्होजी मात्र पाच पुत्रांसह राजगडी गेले आणि त्यांनी वतनावर पाणी सोडले. वतन सोडणे म्हणजे काय, हे आपल्या ज्ञातीतील कुळांस सांगावयास नकोच! त्यांची समाधी आंबवड्यास आहे.